चिमणाबाईचा जबाब

शिवाजी पेठेत दिलदार शिकलगारचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपली बोलायची रीत. एक शिलाई मशीन, एक बाकडं आणि खुद्द दिलदार एवढं आत मावलं की गिऱ्हाइकानं पायरीवरच उभं राहायचं. तालमीतल्या पैलवानांचे लंगोट आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या चड्ड्या हे त्याचं मुख्य काम. ही पोरं मैदानात एकमेकांची डोकी फोडायची, पण दोन्ही बाजूंच्या चड्ड्या दिलदारच शिवायचा आणि दोघांनाही वेळेवर द्यायचा नाही. कारण मशीन चालू झालं की त्याला गाणी सुचायची. पायाखालचा पाटा ठेका धरायचा आणि दिलदार शिवण सोडून ओळीच्या मागं लागायचा. मग एखाद्या गोलकीपरच्या चड्डीचा एक पाय लांब आणि एक आखूड व्हायचा. त्यावरून पेठेत त्यानं पुष्कळ शिव्या खाल्ल्या, पण त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. लाज ही वस्तू त्याला फार उशिरा भेटली, आणि भेटली ती कायमची.

गाणी तो स्वतः रचायचा, चाल स्वतः लावायचा आणि बाजाच्या पेटीवर स्वतःच म्हणायचा. गवळण ही त्याची खास आवड. मुसलमानाच्या घरात जन्मून गवळणी कशा रचतोस, असं त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं उलट विचारलं असतं, "मग कुणी रचायच्या? तुमी?"

त्याचा जोडीदार सयाजी. कोडोलीच्या शेतकऱ्याचा पोरगा, पण हाताला काम कमी आणि तोंडाला फार. कोल्हापुरात सिनेमे निघायचे तेव्हा हा स्टुडिओच्या दारात खेटे घालायचा. घालता घालता एका सिनेमात त्याला विहिरीत पडणाऱ्या हवालदाराचं काम मिळालं. तो असा काही पडला की थेटरात लोकांनी टोप्या उडवल्या. तेव्हापासून तो नट झाला, आणि गावानं त्याचं नाव 'हिरीतला हवालदार' ठेवलं. विनोदी नटाला याहून मोठा मान आणखी कोणता मिळायचा?

दोघं मिळून जत्रेत, उरुसात, लग्नाच्या मांडवात कार्यक्रम करायचे. दिलदारनं गवळण म्हणायची: बायका दूध-लोणी घेऊन बाजाराला निघाल्यात. निम्म्या वाटेत सयाजीनं आडवं यायचं, आणि इथं गाणं थांबायचं. पुढं जे व्हायचं त्याला एक रीत होती, आणि ती या दोघांनी कधी मोडली नव्हती. सयाजी समोर बसलेल्यांतलं एक नाव घ्यायचा, त्याची भर सभेत खोड काढायचा, आणि कमरेवर हात ठेवून गप्प उभा राहायचा. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठून उत्तर द्यायचं. त्याला ते जबाब म्हणायचे. जबाब बरा असो की बावळट, सयाजीनं हरायचं. धोतर सोडून पळायचं, पाय धरायचे, काहीही करायचं, पण हरायचं. मग त्या माणसाला स्टेजवरून पान द्यायचं. पान खाऊन माणूस घरी जायचा तो मान ताठ करूनच.

जबाब द्यावा तर चिमणाबाईनं. ही कोडोलीचीच, सयाजीच्या भावकीतली, नात्यानं त्याची आत्ती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन म्हशींवर तिनं घर चालवलं होतं. आठवड्याच्या बाजारादिवशी गाडग्यात लोण्याचे गोळे घालून, वर केळीचं पान झाकून ती एसटीनं कोल्हापूरला यायची आणि पेठेतल्या ठरलेल्या घरांना लोणी घालायची. त्यात दिलदारचं घरही होतं. तिचा आवाज एवढा मोठा की ती गल्लीच्या तोंडाला आली की दिलदारची बायको खैरुनबी पातेलं घेऊन उंबऱ्यावर यायची. दिलदारला ती 'माझा पेटीवाला' म्हणायची. या दोघांचा कार्यक्रम जवळपास कुठं असला की चिमणाबाई पुढच्या रांगेत हजर. सयाजीही दुसऱ्या कुणाकडं बघायचा नाही.

"लोकहो, ही आमची चिमणाआत्ती लोणी इकती," सयाजी हात ओवाळून सांगायचा. "पर कढवाय गेलं की तूप निघंना! का निघंना? आत्ती लोण्यात उकडलेला बटाटा घालती!"

मग कमरेवर हात, आणि गप्प. सगळी सभा चिमणाबाईकडं वळायची. ती सावकाश उठायची, पदर खोचायची, सयाजीला पायापासून वर न्याहाळत जायची आणि डोक्यावर नजर आली की म्हणायची, "आरं सोंगाड्या, बटाटा व्हय! माझा एक बटाटा कवाधरनं हरवलाय. समदं घर धुंडाळलं. आत्ता गावला बघ! तुझ्या मानंवर हाय की!"

सयाजी दोन्ही हातांनी डोकं चाचपायचा, ते बटाट्यासारखं सोलून बघायचा, आणि बोंब मारत स्टेजवरून खाली उडी टाकायचा. लोकांच्या डोळ्यांतनं पाणी यायचं. चिमणाबाई पान तोंडात टाकून बसायची. पुढच्या बाजाराला तिचं लोणी जास्तच खपायचं, कारण जिनं सोंगाड्याला पळवला तिच्या लोण्यात बटाटा असेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

सगळं ठीक चाललं होतं. ऐंशी साल उलटलं आणि घरोघरी टेपरेकॉर्डर आले. पुण्याकडचा एक कॅसेटवाला कोल्हापुरात गाणारे हुडकत फिरत होता. कुणीतरी त्याला दिलदारच्या पायरीवर आणून उभा केला. शायर आणि सोंगाड्या, दोघांची मिळून एक कॅसेट काढायची ठरली. 'बाजाराची वाट' असं दिलदारनं तिला नाव दिलं. त्या दिवसापासून पेठेत एकही चड्डी शिवून मिळाली नाही.

रेकॉर्डिंगसाठी कॅसेटवाल्यानं एक खोली घेतली होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना वाकळा टांगल्या होत्या. दिलदारनं आपली गाणी मन लावून म्हटली. त्यातली काही त्यानं वर्षानुवर्षं जपून ठेवली होती, बायकोलाही ऐकवली नव्हती. ती झाली, आणि सयाजीची पाळी आली. सयाजी माइकपुढं उभा राहिला आणि त्याची बोबडीच वळली. समोर वाकळा. वाकळंची खोड काढायची कशी?

"समज, म्होरं चिमणाबाई बसलीया," दिलदार म्हणाला.

एवढं पुरलं. सयाजीनं हात ओवाळले, लोणी आलं, तूप निघंना झालं, बटाटा आला, आणि सवयीनं सयाजी कमरेवर हात ठेवून गप्प उभा राहिला. फीत फिरत राहिली.

"काय झालं? पुढं बोला ना," कॅसेटवाला म्हणाला.

"जबाब यायचाय की," सयाजी म्हणाला.

"कुणाचा?"

"आत्तीचा."

कॅसेटवाला पोट धरून हसला. मग म्हणाला, "अशी मोकळी जागा ठेवता येत नाही हो. लोकांना वाटेल टेप बिघडली. त्या बाईचं जे काही असेल ते तुमच्यापैकी कुणीतरी बोला, नाहीतर दुसरं काहीतरी टाका."

"दिलदार, तू म्हण की," सयाजी म्हणाला. "तुला तर पाठ हाय."

पाठ होतंच. शब्द, दम घ्यायची जागा, पदर खोचायला लागणारा वेळ, सगळं पाठ होतं. पण त्या घटकेला दिलदारच्या मनात काय आलं ते सांगितलंच पाहिजे. इतकी वर्षं आपण गाणी रचतो, घसा फोडतो, आणि सभेतला सगळ्यात मोठा हशा पडतो तो लोणी विकणाऱ्या बाईच्या एका वाक्याला, हे त्याला आतून कुठंतरी टोचत होतं. त्याच्या गाण्याला लोक उठून तंबाखू मळायला जायचे, आणि चिमणाबाईच्या वेळी धावत परत यायचे. कॅसेटच्या वेष्टनावर दोघांची नावं येणार होती. त्यात तिसऱ्याचा हशा कशाला?

"बाईचा आवाज मला न्हाय जमायचा," तो म्हणाला. आयुष्यभर गवळणींचा नखरा गळ्यातनं काढणारा माणूस हे म्हणाला. आणि लगेच, मशीनवर सुचावी तशी त्याला ओळ सुचली. त्यानं पेटीचा भाता ओढला आणि म्हटलं,

"लोणी म्हणून नेलं गं बाई, भाजी करून खाल्लं!"

कॅसेटवाल्यानं मांडीवर थाप मारली. ओळ कानाला चिकटणारी होती, यात वादच नाही. सयाजी मात्र तसाच उभा होता.

"आन् मी हरलो कवा?" त्यानं विचारलं.

"न्हाय हरलास म्हणून काय झालं? एकदा जिंक की!"

सयाजी हसला, पण अर्धवटच.

कॅसेट बाहेर पडली आणि कोल्हापूर नुसतं वेडं झालं. पानपट्टीवर तीच, एसटीच्या कॅन्टीनमध्ये तीच, वरातीत तीच, गणपतीच्या मांडवात आरती संपली की तीच. आजऱ्याहून दिलदारचा साडू दिवाळीला आला तो दारातनंच ओरडत आला, "लोणी म्हणून नेलं!" 'बाजाराची वाट' हे नाव कुणी घेतलंच नाही. सगळे तिला 'लोण्याची कॅसेट' म्हणायचे. लोक फीत मागं घेऊन तेवढीच जागा पुन्हा पुन्हा ऐकायचे. जपून ठेवलेली गाणी फितीच्या टोकाला पडून राहिली. तरी दिलदार खूश होता. उगाच लपवायचं कशाला, फार खूश होता. कामाचं निमित्त काढून तो पानपट्टीशी जाऊन उभा राहायचा आणि अनोळखी तोंडांतनं आपली ओळ ऐकायचा. पहिल्यांदाच त्याचं काहीतरी लोकांच्या ओठांवर बसलं होतं.

मग एका बाजारादिवशी तो जेवायला घरी आला तर खैरुनबीनं ताट वाढलं नव्हतं. ओट्यावर लोण्याचं अख्खं गाडगं होतं. खैरुनबी घरात दखनी बोलायची, पण खरा संताप आला की तिच्या तोंडी मराठी यायची. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

"समदं लोणी घेतलं मी. पेठेत कुणी घेतलं न्हाय तिचं."

"का?"

"का म्हणून मला इचारता?"

चिमणाबाई गल्लीत शिरली तशी पोरं तिच्या मागं लागली होती, ती ओळ म्हणत. वर्षानुवर्षांच्या एका गिऱ्हाइकानं गोळा हातात घेऊन सुरीनं मधोमध कापून बघितला होता. दुसरी म्हणाली होती, "राग मानू नका, आदी चमचाभर कढवून बघते." तिसरीनं दारच उघडलं नव्हतं. पुढच्या घरी जायला चिमणाबाईचं पाऊल उचललं नाही. ती सरळ खैरुनबीकडं आली आणि गाडगं खाली ठेवून उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी गल्लीत तिचा आवाजच आला नव्हता, म्हणून खैरुनबीला ती आल्याचंही कळलं नव्हतं.

"काय म्हणाली?" दिलदारनं विचारलं.

"म्हणाली, कॅसेट आणून पोरांस्नी लावाय लावली. दोनी बाजू ऐकल्या. म्हटलं, माझं बोलणं म्होरं आसंल. पार शेवटापत्तूर ऐकली. आन् जाताना म्हणाली, पेटीवाल्याला इचार, माझा जबाब कुठं गेला?"

दिलदारचे कान तापले. आपल्याला मारायला कुणी हात उचलावा आणि तो तसाच वर राहावा, तसं त्याला झालं. खैरुनबी त्याच्याकडं बघत होती. वेळ नव्हता, माइक होता, कॅसेटवाला घाई करत होता, ही सगळी कारणं त्यानं मनात जुळवून बघितली. एकही टाका बसेना.

तो तसाच उठला आणि पानपट्टीवर गेला. म्हणाला, ही कॅसेट बंद करा. पानवाला ओरडला, "आरं शायर आलं, शायर! आवाज वाढीव रं!" आणि ओळ सगळ्या चौकात घुमली. लोकांनी दिलदारच्या पाठीवर थापा मारल्या. त्यानं कॅसेटवाल्याला गाठलं आणि विनवलं, नवीन काढा, त्यात बाईचा जबाब घालू. कॅसेटवाला म्हणाला, "खपतंय ते कुणी बदलतं का?" आता कुठंही टेप वाजला की दिलदार मान खाली घालायचा आणि गल्ली बदलायचा. पण बदलून जाणार कुठं, ओळ प्रत्येक गल्लीत त्याच्या आधी पोचलेली असायची.

शेवटी सयाजीला घेऊन तो कोडोलीला गेला. चिमणाबाई गोठ्यात शेण काढत होती. दोन म्हशींच्या जागी एकच होती. सयाजीनं वाकून तिचे पाय धरले. स्टेजवर धरायचा तसे नाही, खरे धरले.

"ऊठ," ती म्हणाली. "तुजं काय न्हाय. तू तर हिरीतच पडलेला हायस." मग दिलदारकडं वळून म्हणाली, "तू का आलास?"

"माफी मागाय आलोय, मावशी."

"माफी घिऊन काय करू? लोण्यात घालू?" तिनं हात धुतले, पदराला पुसले. "सयाजी मला जन्मभर बोलला. बटाटा म्हणला, भेसळ म्हणला. मी कवा रागाला आले? का न्हाय आले? मला म्हायती हुतं, माझी पाळी येणार हाय. तू माझी पाळी खाल्लीस, दिलदारा."

दिलदारला तिच्याकडं बघवेना. तो म्हशीकडं बघत राहिला. म्हैसही त्याच्याकडं बघत होती. मग त्यानं मान खाली घातली आणि जे मनात धरून आला होता ते सांगितलं. गावची जत्रा जवळ आली आहे, पंचक्रोशी लोटणार, पेठेतलीही माणसं येणार. आम्ही कार्यक्रम करतो. तुम्ही पुढं बसायचं. सयाजी बोलेल, आणि सगळ्यांच्या देखत तुम्ही जबाब द्यायचा. एकदा लोकांनी तुमचा जबाब ऐकला की ती ओळ मरेल.

"मी न्हाय येणार," चिमणाबाई म्हणाली. दोघं वळून गोठ्यापुढच्या आंब्यापर्यंत गेल्यावर तिनं मागनं हाक मारली. "पान आणा चांगलं."

जत्रेदिवशी कुस्त्या संपल्या आणि उन्हं कलली तशी सभा भरली. एवढी माणसं त्यांच्या कार्यक्रमाला कधी आली नव्हती. कॅसेटमधली जोडी बघायला म्हणून आली होती. पेठेतल्या त्या लोणी कापणाऱ्या बाईंनाही दिलदारनं ओळखलं. चिमणाबाई पुढं बसली होती. धुवट हिरवं लुगडं, पदर डोक्यावरनं नीट ओढलेला. शेजारच्या बायकांनी तिच्या बाजूला थोडी जागा सोडली होती. दिलदारनं बघितलं, तिचे ओठ हलत होते. ती जबाबाची उजळणी करत होती. जिनं उभ्या जन्मात बोलायच्या आधी कधी विचार केला नव्हता ती शाळकरी पोरीगत वाक्य घोकत होती, आणि हे आपल्यामुळं, एवढं त्याला समजलं.

त्यानं पेटी पुढं ओढली आणि गवळण म्हटली. चांगली म्हटली, जीव ओतून म्हटली. सयाजी आडवा आला. हात ओवाळून बोलू लागला. लोणी झालं, तूप झालं.

"...आत्ती लोण्यात उकडलेला बटाटा घालती!"

आणि कमरेवर हात ठेवून तो गप्प उभा राहिला.

चिमणाबाई उठली. पदर खोचला. सयाजीच्या पायांवरनं नजर सावकाश वर नेली आणि तोंड उघडलं.

"आरं सोंगाड्या..."

"लोणी म्हणून नेलं गं बाई!" मागनं सगळी सभा गरजली. "भाजी करून खाल्लं!"

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना पाठ होतं. सयाजी थांबला, म्हणजे आता ओळ यायची, एवढंच त्यांना माहीत होतं. बायका म्हणत होत्या, पैलवान म्हणत होते, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं म्हणत होती. "थांबा की! आरं, थांबा की!" सयाजी हात जोडून ओरडायला लागला, तर तोही त्याचा विनोदच आहे असं समजून लोक आणखी हसले आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.

चिमणाबाई बोलत होती. गल्लीच्या तोंडाहून खैरुनबीला उठवणारा तिचा आवाज तिच्यापासून हातभरही पुढं जात नव्हता. पण ती थांबली नाही. शब्द न शब्द तिनं म्हटला. सयाजी लोकांपुढं हात जोडत होता; तिचे ओठ वाचणारा एकटा दिलदारच होता, कारण त्याला जबाब पाठ होता. आत्ता गावला बघ. तुझ्या मानंवर हाय की. एवढं संपवून ती जराशी थांबली, पूर्वी हशासाठी थांबायची तशी. मग तिनं दिलदारकडं बघितलं. तोंडाकडं नाही, खाली, हातांकडं.

दिलदारनंही खाली बघितलं. त्याचा डावा हात भाता ओढत होता आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर पळत होती. लोकांनी पहिला शब्द उचलला तेव्हापासून तो त्यांना साथ देत होता.